सिलिंडर खाली आहे

पहिली काच फुटली ती चौकशीच्या खिडकीची. लतिका त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर एका म्हातारीची सलाइन बघत होती. हॉस्पिटलात काच फुटणं नवं नाही, बाटल्या रोज फुटतात. पण बाटली फुटली की कोणीतरी कोणाला तरी दोन शब्द सुनावतं आणि विषय संपतो. इथे मागून खुर्च्या आदळल्या, पोरींच्या किंकाळ्या आल्या आणि मग वीसपंचवीस गळ्यांचा एकच घोगरा आवाज जिन्यातून वर चढला. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या बाईला असा आवाज समजावून सांगावा लागत नाही. थोड्या वेळापूर्वी सीटी स्कॅनसाठी खाली नेलेल्या सत्यवतीबाई गेल्या, हे तिला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कळलं.

लतिका या हॉस्पिटलची मेट्रन. जबलपुरात गढ्याच्या रस्त्यावरचं चार मजल्यांचं खाजगी हॉस्पिटल, मालक डॉक्टर आल्हाद, आणि त्यांच्या खालोखाल जिला सगळे घाबरतात ती ही बाई. पूर्वी तिचा हात चालायचा, आता तोंड चालतं. त्या दुपारी दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता.

रिसेप्शनवर कॉम्प्युटर जमिनीवर पडला होता आणि एक जण त्याच्यावर उभा राहून नाचल्यासारखा लाथा घालत होता. सिक्युरिटीचा पहारेकरी टोपी तिथेच टाकून पसार झालेला. सगळ्यांच्या पुढे सत्यवतीबाईंचा मुलगा गौरांग. सकाळी हाच पोरगा आईला चमच्याने दलिया भरवत होता. आता त्याच्या हातात सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना होता आणि चेहऱ्यावर ओळख म्हणून काही उरली नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या दारातून अंकुर आला. सीटीच्या खोलीत कामाला असलेला मुलगा, दोनचाकी गाड्यावर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर ढकलत, घामाघूम. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने समोरची गर्दी बघितली आणि सवयीने म्हणाला, "जरा साइड, भैया, अर्जेंट है."

"यही है. यही है सिलेंडरवाला," कोणीतरी ओरडलं.

पुढचं लतिकाला नंतर कित्येक दिवस तुकड्या-तुकड्यांत दिसत राहिलं. पाना अंकुरच्या कानामागे बसला, तेव्हा ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो पडला, सिलिंडर त्याच्या उजव्या हातावर आडवा झाला, आणि कोणीतरी त्या सिलिंडरवर पाय देऊन उभं राहिलं. बोटं मोडल्याचं लतिकाने ऐकलं. गौरांग पाना पुन्हा वर उचलत होता. लतिका मधे घुसली, अंकुरच्या अंगावर पालथी पडली, आणि दुसरा वार तिच्या पाठीवर आला. मग लाथा. एक बरगडीत, एक कमरेत. तिच्या तोंडातून शिव्या निघत होत्या, मराठी-हिंदी दोन्ही, एरवी ती ज्या ऐकूनही घेत नाही त्या. त्या शिव्या देत देत तिने अंकुरला काखेत धरलं, फरशीवर रक्ताचा पट्टा ओढत एक्स-रेच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. पोलीस येईपर्यंत दारावर पाना आपटत राहिला. लाकडाच्या ढलप्या आतल्या बाजूला उडत होत्या.

पोलीस आल्यावर सगळे फाटकाबाहेर गेले. गौरांग तेवढा आईजवळ राहिला. सत्यवतीबाईंचं शरीर सीटीच्या बाहेरच्या खोलीत स्ट्रेचरवरच होतं. त्यांचे भाऊ मुरलीधर, फॅक्टरीतून रिटायर झालेले, शांत बोलणारे गृहस्थ; त्यांनी पोलिसांना एवढंच सांगितलं की बहिणीला कोणी मारलं त्याचं नाव कळेपर्यंत माती उचलणार नाही. शहपुऱ्याकडून त्यांची माणसं जीप भरभरून येत होती. फाटकाबाहेर काठ्या होत्या, रॉड होते, आणि पोलीस होते मोजून चार.

डॉक्टर आल्हादांनी लतिकाला केबिनमध्ये बोलावलं. तिच्या पाठीला बर्फ लावलेला, साडीवर दुसऱ्याचं रक्त. ते तिला बस म्हणाले नाहीत.

"लतिकाताई, मला एक नाव पाहिजे. अंधार पडायच्या आत."

"कसलं नाव, सर?"

"चूक कोणाची, त्याचं. पोलिसांना देऊ, त्या लोकांना देऊ, नोकरीवरून काढल्याची नोटीस लावू. लोकांचं समाधान झालं की पांगतील." त्यांनी पेन फिरवला. "अंकुरचंच देऊन टाकू. लोकांच्या मनात तोच बसलाय. एकदा मार खाऊनही झाला आहे."

"तो आयसीयूत पडून राहिला, सर. अजून शुद्ध नाही त्याला."

"तेच म्हणतोय. नाही म्हणायला येणार नाही."

लतिकाला त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडावर बर्फाची पिशवी फेकून मारावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर तिलाही नाव हवंच होतं. कोणीतरी गाढवपणा केला होता, बाई मेली होती, एका पोराचा हात चिरडला होता. ते सगळं अधांतरी थोडंच झालं? कोणाचा तरी गळा धरल्याशिवाय तिचाही राग खाली बसणार नव्हता. तिचा संशय अंकुरवर नव्हता, एवढंच. तिचा संशय प्रणोतीवर होता.

प्रणोती ही वॉर्डातली नवी नर्स. मूळची सांगलीकडची, नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीमागे जबलपुरात आलेली. सत्यवतीबाईंना खाली घेऊन जाणारी तीच. ती चादरींच्या खोलीत कपाटांच्या मागे बसून थरथरत होती. लतिकाने दार लोटलं, तिला दंडाला धरून उभं केलं आणि एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. कैक वर्षांनी तिचा हात चालला.

"अर्धा सिलिंडर लावून पेशंट हलवला तू? काटा बघता येत नाही तुला?"

"बघितला होता, मॅडम." प्रणोतीच्या ओठाला रक्त आलं होतं. "लिफ्टपुरता होता. खाली दुसरा आहे म्हणून निघाले. मधे लिफ्ट जेवणाच्या गाडीने अडवली, तिथे वेळ गेला. तरी पोचलो तोवर त्या श्वास घेत होत्या. पण खालचा बघते तर त्यात हवाच नाही. हाताने दाबून श्वास द्यावा, तर अंबू बॅगचं कपाट बंद. त्यांनी माझा हात धरला होता, मॅडम. माझ्या हातातच..."

"दुसरा आहे म्हणून कोण बोललं तुला?"

"खालून निरोप आला ना. सिलिंडर खाली आहे म्हणून."

लतिकाने तिचा दंड आणखी आवळला. "खाली होता, तर काहून नेलं तू?"

"खाली होता म्हणूनच तर नेलं."

बाहेर फाटकावर कोणीतरी रॉड आपटत होतं, सारखं, एका लयीत. लतिका जन्मापासून जबलपुरातली. तिच्या घरात डबा खाली असतो, बस खाली जाते, खोली खाली होते. सांगलीच्या पोरीच्या मराठीत डबा रिकामा असतो आणि खाली म्हणजे जिन्याच्या तळाशी.

"तुला हिंदी समजत नाही का?"

"समजतं ना. हिंदीत म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. पण तो मराठीत म्हणाला. सिस्टर, सिलिंडर खाली आहे. असं, नीट."

"कोण तो?"

"बाईंचा मुलगा. मला पेशंटला सोडून जाता येईना, इंटरकॉम बंद, वॉर्डबॉय एक, तो तिसऱ्या मजल्यावर. मग त्यालाच पाठवलं, खाली विचारून ये म्हणून."

लतिकाने प्रणोतीचा दंड सोडला. बोटांचे वळ उठले होते. तिला काही बोलायचं होतं, पण माफी मागायची सवय नव्हती, म्हणून तिने पदराने त्या पोरीच्या ओठावरचं रक्त टिपलं आणि बाहेरून कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. आता त्या खोलीत कोणी शिरणार नव्हतं.

सीटीची टेक्निशियन नेहा दुसऱ्या टोकाला रडत बसली होती. तिला विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "मैडम, अंकुर ने तो उनके लड़के को साफ बोला था. सिलेंडर खाली है. बोला और सीधा स्टोर भागा, दूसरा लाने. स्टोर की चाबी नहीं मिल रही थी उसको. हमको क्या पता था पेशंट ले आएँगे."

म्हणजे अंकुर खरं बोलला होता. गौरांगनेही खरंच सांगितलं होतं, शब्द न शब्द. प्रणोतीने ऐकलं ते तिच्या मराठीत बरोबरच होतं. तीन माणसं, तिन्ही खरी, आणि मधल्या एका शब्दातून बाई निसटून गेली. लतिका जिन्यावर बसली. बरगडी ठणकत होती.

दोन महिन्यांपूर्वी भोपाळहून एक बाई वर्कशॉप घ्यायला आली होती. सिस्टिम थिंकिंग असं नाव होतं. तिने सगळ्या स्टाफला गोल उभं केलं, सुताचं रीळ एकाकडून दुसऱ्याकडे फेकायला लावलं आणि शेवटी म्हणाली, आता कोणीही आपला दोरा ओढा. एकाने ओढला की सगळ्यांच्या बोटांना हिसका बसायचा. कोणी केलं हे विचारू नका, असं कसं होऊ शकलं ते विचारा, असं ती सारखी म्हणत होती. लतिकाने सगळा वेळ जांभया दाबल्या आणि समोसे बरे होते एवढं घरी येऊन सांगितलं. आता त्या बाईचा दोरा तिच्या बोटांना काचत होता.

कारण ती बघायला लागली तशी एकेक गोष्ट दिसायला लागली, आणि प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने केलेली. सिलिंडरच्या गळ्यात पूर्वी पट्टी असायची, भरलेला की संपलेला. मागच्या वर्षी राधाबाई आयाने चुकीची पट्टी अडकवली, तेव्हा डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी काढलं. नोटीस लतिकानेच सगळ्यांपुढे वाचून दाखवली होती. त्या दिवसापासून पट्टीला कोणी हात लावेना; ज्याने लावली तो पकडला जाणार, मग लावायची कोणी? सिलिंडर चोरीला गेला म्हणून स्टोरला कुलूप लागलं. औषधं कमी भरली म्हणून अंबू बॅगच्या कपाटालाही कुलूप लागलं. पोरी इंटरकॉमवर घरच्या गप्पा मारतात म्हणून डॉक्टरांनी वॉर्डातला इंटरकॉम बंद करवला. प्रत्येक वेळी एक माणूस सापडला, त्याला शिक्षा झाली, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेले. आज त्या सगळ्या शिक्षा एकत्र होऊन सत्यवतीबाईंच्या छातीवर बसल्या.

लतिका उठली. वॉर्डात गेली, भिंतीवरचा मेलेला इंटरकॉम दोन्ही हातांनी धरला आणि वायरीसकट उपटला. भिंतीचा पोपडा तिच्या डोक्यावर पडला. जाता जाता तिने अंबू बॅगच्या कपाटाचं कुलूप अग्निशमनाच्या नळकांड्याने ठोकून तोडलं. पेशंट उठून बघत होते. डॉक्टर आल्हादांच्या टेबलावर तिने इंटरकॉम आणि ते कुलूप टाकलं, काच तडकली.

"हे घ्या नाव. हे पहिलं, हे दुसरं. अजून आहेत, आणून देऊ?"

"डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलंच आहे. निरोप द्यायला फोन नाही, भरलेल्या सिलिंडरला कुलूप, संपलेल्याला खूण नाही. यातलं कोणाला सस्पेंड करता?"

डॉक्टरांनी तडकलेल्या काचेकडे बघितलं. ते मूर्ख नव्हते, फक्त घाबरलेले होते, आणि घाबरलेला हुशार माणूस फार लवकर शोध लावतो. "निरोप," ते म्हणाले. "म्हणजे निरोप गेला होता? मग कोणी नेला? चुकीचा निरोप नेणाराच तर..."

लतिकाच्या जिभेवर उत्तर होतं. ते दिलं असतं तर तिथल्या तिथे अंकुर सुटला असता. आणि डॉक्टरांनी ते हातात घेऊन फाटकावर जाऊन सांगितलं असतं: तुमच्या बाईला तुमच्याच पोराने मारलं. हॉस्पिटल वाचलं असतं. पुन्हा एक माणूस सापडला असता.

"ते नाही कळलं मला," ती म्हणाली आणि निघाली.

खोटं तिच्याने कधी पचत नाही. दुसरं एक मनात होतं, तेही खरं सांगायला हवं. अंकुरची मोडलेली बोटं तिला आठवत होती, स्वतःच्या पाठीवरचा वार आठवत होता, आणि निरोप तूच नेलास हे वाक्य गौरांगच्या तोंडावर फेकून मारावं असं तिला मनापासून वाटत होतं. त्याच्या पान्याहून ते वाक्य जड होतं. एका फटक्यात तो उभ्या जन्मासाठी आडवा झाला असता.

सीटीच्या बाहेरच्या खोलीत गौरांग आईच्या स्ट्रेचरला टेकून जमिनीवर बसला होता. पाना मांडीवर. पोलिसांनी तो काढून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण बाहेरच्या काठ्या बघून सोडून दिला. सत्यवतीबाईंच्या तोंडावर चादर ओढलेली होती, एक हात बाहेर होता, त्यातली सलाइनची सुई कोणी काढली नव्हती. लतिकाने आधी ती सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त यायचं नव्हतं, तरी धरला.

"नाम लाई हैं, आंटी?" गौरांग म्हणाला. आवाज बसला होता. "वो मरा कि नहीं?"

"नाही मेला. मरू देणार नाही मी."

"तो मैं मार दूँगा."

लतिका त्याच्या समोर जमिनीवर बसली. बसताना कण्हली. "बेटा, पहिले ऐकून घे. मग काय मारायचं ते मार." आणि तिने सांगायला सुरुवात केली. पट्ट्यांचं सांगितलं, कुलपांचं, इंटरकॉमचं. अंकुर किल्ली शोधत स्टोरपाशी कसा धावत होता ते सांगितलं. "तो तुझ्या आईसाठीच सिलिंडर घेऊन येऊन राहिला होता. भरलेला होता तो, तुम्ही त्याच्या हातावर पाडला ना, तोच."

गौरांगचा पान्यावरचा हात सैल झाला, मग पुन्हा घट्ट. "तो ऊपर से लाए क्यों माँ को? नीचे सिलेंडर है कि नहीं, पूछना चाहिए था न?"

"विचारलं होतं."

"फिर?"

"निरोप आला. ऐकणारीने उलटा समजला."

"कौन लाया निरोप?"

"असेल कोणीतरी. वॉर्डबॉय." लतिकाने मान दुसरीकडे वळवली, आणि तेच चुकलं. तोंडाने खोटं बोलणारी माणसं मानेने फसतात.

बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. गौरांगने एकदा आईच्या बाहेर असलेल्या हाताकडे बघितलं. मग तो हळूहळू, शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं म्हणावं तसा म्हणाला, "सिस्टर, सिलिंडर खाली आहे."

लतिकाने हात पान्याकडे सरकवला.

"मैंने बोला था. मी." त्याचे डोळे मोठे झाले. "मराठी में बोला था, आंटी. माँ हमेशा चिढ़ती थी, तुला मराठी समजते तर बोलत काहून नाहीस. सिस्टर मराठी थीं, माँ सुन रही थी, तो मैंने सोचा... माँ हँसी थी. मास्क के अंदर. फिर सिस्टर बोलीं चला, तो मुझे लगा इनको मालूम होगा."

"तू बरोबर बोलला, बेटा. आपल्या घरी असंच बोलतात. माझ्याही घरी."

"उन्होंने क्या समझा?"

त्याने स्वतःच एकदा जमिनीकडे बोट केलं, खाली, आणि बोट तसंच राहिलं. मग त्याने पाना उचलला. लतिकाला वाटलं आपल्यावर येतोय, तिने हात वर केला. पण त्याने तो दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या तोंडावर मारला. एकदा, आणि ती झडप घालेपर्यंत आणखी एकदा. पुढचे दात तुटून तिच्या मांडीवर पडले. तिने त्याचं मनगट पिरगाळलं, पाना लाथेने स्ट्रेचरखाली ढकलला, तसं तो डोकं लोखंडी पायावर आपटायला लागला. स्ट्रेचर हलत होतं, वरचा आईचा हात हलत होता. लतिकाने त्याचं डोकं छातीशी आवळून धरलं. तो धडपडत होता आणि त्याच्या घशातून जे येत होतं ते ना हिंदी होतं ना मराठी.

आवाज ऐकून बाहेरच्यांनी दार फोडलं. मुरलीधर पुढे, मागे रॉड घेतलेली माणसं, आणि समोर काय, तर मेट्रनने पोराला धरलंय आणि पोराच्या तोंडातून रक्त वाहतंय. कोणी काही विचारलं नाही. एक रॉड लतिकाच्या खांद्यावर आला. तिचा डावा हात लुळा पडला, उजव्याने तिने गौरांगला सोडलं नाही.

"थांबा," मुरलीधर म्हणाले. ते खाली वाकले. त्यांच्या हातातही काठी होती. "गौरांग, कोणी मारलं तुला? आन आईला कोणी मारलं, ते कळलं का? नाव सांग. तो सिलिंडरवालाच होता ना?"

गौरांगने जोरात मान हलवली. नाही. पुन्हा पुन्हा, रक्ताचे थेंब दोन्ही बाजूंना उडेपर्यंत. नाही, नाही.

"मग कोण? नाव सांग."

त्याने तोंड उघडलं. लतिकाला त्या तुटक्या दातांमागे ते नाव येताना दिसलं, त्याचं स्वतःचं. मागे रॉड घेतलेली डझनभर माणसं ते ऐकायला वाकली होती. आज ऐकतील, उद्या समजूत काढतील, आणि मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला कोणीतरी हळूच म्हणेल, हाच तो. तिने उजवा तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

तो तळव्याखाली ओरडला, धडपडला आणि उरलेल्या दातांनी कडकडून चावला. मांसात दात रुतल्याचं तिला कळलं. तिने हात काढला नाही.

"एक नाव नाही, भाऊ," ती मुरलीधरांना म्हणाली. वेदनेने आवाज फाटला होता. "एकाचं असतं, तर मीच दिलं असतं, आन मीच पहिली त्याला मारलं असतं. कुलपं आमची आहेत, नियम आमचे आहेत, नोटिसा मी वाचल्या. पोलिसांसमोर सगळं सांगीन, लिहून देईन. पण या पोराला आता काही विचारू नका. आणि आयसीयूतल्याला हात लावू नका. तो तुमच्या बहिणीसाठी धावून राहिला होता."

मुरलीधरांनी तिच्या हाताकडे बघितलं. भाच्याच्या हनुवटीवरून ओघळणाऱ्या रक्तात आता तिचंही होतं. भाच्याच्या डोळ्यांत त्यांनी काय वाचलं, देव जाणे. म्हातारी माणसं न सांगितलेलं पुष्कळ समजतात. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि मागे न बघता म्हणाले, "चलो. उठाओ. तिलवारा घाट ले चलना है, उजेला रहते."

जाताना गौरांगला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. तोंडाला टॉवेल बांधलेला. त्याने वळून बघितलं नाही. फाटकावरची गर्दी पांगल्यावर लतिकाने चादरींच्या खोलीचं कुलूप काढून प्रणोतीला घरी पाठवलं.

डॉक्टर आल्हादांनी संध्याकाळी पोलिसांना काय सांगितलं, ते लतिकाला उशिरा कळलं. त्यांनी अंकुरचंच नाव दिलं होतं. मग तिने त्याच ठाण्यात, एक हात झोळीत आणि दुसऱ्याला पट्टी अशा अवस्थेत उभं राहून, आपला जबाब डॉक्टरांच्या सांगण्याविरुद्ध नोंदवला. पट्ट्या, कुलपं, इंटरकॉम, सगळं. निरोप कोणी नेला, असं फौजदाराने विचारलं, तेव्हा या वेळी तिने मान हलू दिली नाही. आठवत नाही, म्हणाली. नोकरी गेली, हे तिला तिथेच ठाऊक झालं.

तिथून ती पुन्हा हॉस्पिटलात आली. आयसीयूच्या दारातल्या मुलीने तिला अडवलं नाही. अंकुरचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत होतं, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. तो नुकताच शुद्धीवर आला होता आणि डोळे कसेबसे उघडून कोणाला तरी शोधत होता.

"दीदी," तो म्हणाला. ओठ सुकले होते. "माँजी को सिलेंडर लग गया न?"

लतिकाने बेडजवळचं स्टूल पायाने ओढलं.

"भरा हुआ था, दीदी. मैं काँटा देख के उठाया था."

तिने पट्टी बांधलेला तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. जखम ठणकत होती. "हाँ बेटा," ती म्हणाली, "मैंने देखा. भरा हुआ था."